खोक्यात आम्ही, बाहेर चिंगी

घरात मांजर आणि पुठ्ठ्याचं रिकामं खोकं एकाच वेळी असलं की येणारा पाहुणा तो विनोद करतोच. कुठला, तर श्रोडिंगर नावाच्या शास्त्रज्ञाच्या पेटीतल्या मांजराचा, जे म्हणे पेटी उघडेपर्यंत जिवंतही असतं आणि मेलेलंही. "काय मग, जिवंत आहे का मेलंय?" असं विचारून स्वतःच खो खो हसतो आणि आपल्यालाही हसावं लागतं, कारण तो आत्ताच आलेला असतो आणि अजून दीड तास बसणार असतो. मागच्या आठवड्यात नवा पंखा आला, त्याच्या खोक्यात आमची चिंगी जाऊन बसली, वरची झाकणं अर्धवट मिटली, आणि तीन दिवसांत चार जणांनी तो विनोद केला. चौथा वाकून विचारत होता तेवढ्यात फटीतून एक पंजा बाहेर आला, त्याच्या शर्टाच्या बाहीत नखं रुतली आणि पंजा तसाच थांबला, ना पुढे ना मागे. दोन मिनिटं तो माणूस वाकलेलाच. चिंगी जिवंत असल्याचं सर्वानुमते मान्य झालं.

माझी तक्रार विनोद शिळा आहे ही नाहीये, शिळे विनोद मीही करतो, बायकोला विचारा. तक्रार ही की विनोद उलटा आहे, आणि हे मला आत्ता आत्ता कळलं, कारण सध्या आमच्याकडे भाची राहायला आहे आणि ती फिजिक्समध्ये एमएस्सी करतेय, त्यामुळे घरात कुठलंही विधान आता तपासणी झाल्याशिवाय सुटत नाही. "मामा, श्रोडिंगर ते सिरियसली नव्हता म्हणत रे," ती म्हणाली. "तो टिंगल करत होता."

म्हणजे झालं असं की एर्विन श्रोडिंगरने १९३५ साली एका जर्मन नियतकालिकात लांबलचक लेख लिहिला, त्यात हे जगप्रसिद्ध मांजर जेमतेम एका परिच्छेदापुरतं येतं आणि जातं. पोलादी पेटी, आत मांजर, शेजारी किरणोत्सार टिपणारा गायगर काउंटर, त्यात किरणोत्सारी पदार्थ इतका चिमूटभर की तासाभरात एखादा अणू फुटेल किंवा एकही फुटणार नाही, दोन्हीची शक्यता सारखी. फुटला तर हातोडी सुटणार, हायड्रोसायनिक ॲसिडची कुपी फुटणार, आणि पुढचं मी टाइप करत नाही कारण चिंगी या क्षणी कीबोर्डच्या डाव्या बाजूला बसलेली आहे. तर क्वांटम मेकॅनिक्सच्या, म्हणजे अणूंच्या जगाचे नियम सांगणाऱ्या शास्त्राच्या, समीकरणांवर शब्दशः विश्वास ठेवायचा तर पेटी उघडेपर्यंत जिवंत मांजर आणि मेलेलं मांजर यांची सरमिसळ झालेली असली पाहिजे, आणि श्रोडिंगरचं म्हणणं होतं की बघा, हे किती हास्यास्पद आहे! त्याच वर्षी आइन्स्टाईनने त्याला पत्रात बंदुकीच्या दारूचं उदाहरण दिलं होतं, फुटलेली आणि न फुटलेली दारू एकाच वेळी. ते उदाहरण गाजलं असतं तर निदान आमच्या पाहुण्यांनी खोक्यापासून जरा लांब उभं राहून विनोद केला असता.

म्हणजे ज्याने हा किस्सा रचला तो "असं होऊच शकत नाही" हे सांगायला रचला आणि नव्वद वर्षं लोक तो "असं होतं" म्हणून सांगतायत. पण माझा मुद्दा याहून पुढचा आहे. या सगळ्या भानगडीत बघणारा कोण? तर माणूस. मांजर आपलं आत बसून आपला निकाल लागायची वाट बघतंय. ज्याने आयुष्यात एक दिवस जरी मांजराबरोबर काढलाय त्याला हे पटेल का हो? मांजर बघितलं जात नाही. मांजर बघतं.

पहाटे पाचचं सांगतो. मी त्या वेळी झोपलेलो आणि जागा अशा दोन्ही अवस्थांत असतो, म्हणजे गजर व्हायला तास आहे हे कळतंय आणि स्वप्नात शाळेची परीक्षाही चालू आहे. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही कळायचा मार्ग नाही कारण डोळे मिटलेले. मग छातीवर चार किलो वजन येऊन बसतं. आधी मिशा लागतात, नाकाच्या शेंड्याला, गुदगुल्या होतील न होतील इतक्याच. मी हलत नाही. मला माहीत असतं की हललो की संपलं. मग एक पंजा, नखं पूर्ण आत, अगदी मखमल, उजव्या डोळ्याच्या पापणीवर ठेवला जातो, आणि हळूच वर ओढला जातो. हळूच म्हणजे किती हळू, एखादा जवाहिऱ्या डबीचं झाकण उघडेल तसं. आणि त्या फटीतून मला दोन हिरवे डोळे दिसतात, ते माझ्या बुबुळाकडे बघत असतात. एक सेकंद. बास. मी जागा. त्याआधी मी जागा होतो का झोपलो होतो याला काही अर्थच नाही, तिने बघितलं आणि मी जागा झालो. ती उतरून तिच्या वाटीकडे चालायला लागते, मी आलोय का हे मागे वळून बघत पण नाही. बघायची गरज नसते, मेजरमेंट झालेलं असतं.

भाचीला हे ऐकवलं तर तिने चक्क मान हलवली. म्हणाली १९६१ साली युजीन विग्नर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने हाच प्रश्न काढला होता, पेटीत मांजराऐवजी एक मित्र असेल आणि तो आतूनच निकाल बघत असेल तर बाहेरच्याने काय समजायचं? मी म्हटलं, विग्नरकडे पहाटे कोण यायचं ते आधी शोध.

खरं मांजर सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे त्या जिवंत-मेलेल्या सरमिसळीत, का राहू शकत नाही हेही तिने मला सांगितलं, आणि ते मला फारच आवडलं. कारण मांजर एकटं कधी नसतंच. तिच्या अंगावर प्रत्येक क्षणाला हवेचे अब्जावधी रेणू आदळतायत, उजेड पडून परततोय, ती स्वतः उष्णता बाहेर टाकतेय, आणि या प्रत्येक टकरीतून तिची खबर बाहेर फुटतेय. म्हणजे आपण खोकं उघडायच्या कितीतरी आधी अख्खं जग तिला बघून मोकळं झालेलं असतं, आणि दोन अवस्थांची नाजूक सरमिसळ डोळ्याचं पातं लवायच्या आत विस्कटते. याला डिकोहिरन्स म्हणतात. म्हणून अशा अवस्था प्रयोगशाळेत करतात त्या बहुधा एकट्यादुकट्या अणूच्या, हवा काढून टाकलेल्या भांड्यात. १९९६ मध्ये डेव्हिड वाइनलँडच्या गटाने बेरिलियमचा एकच आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, एकाच वेळी दोन जागी असा ठेवून दाखवला, आणि २०१२ चं नोबेल त्याला आणि सर्ज अरोशला असल्याच नाजूक कामांसाठी मिळालं. सारांश काय, की अख्खं जग सतत आपल्याचकडे बघतंय असं चिंगी जे समजते ते फिजिक्सला धरून आहे.

पण मी एवढ्यात हार मानणाऱ्यातला नाही. मी म्हटलं ठीक आहे, सुपरपोझिशन राहू दे, अनिश्चितता तर आहे? डॉक्टरकडे न्यायचं म्हणून माळ्यावरून तिचा पिंजरा काढला, नुसता काढला, अजून जमिनीवर टेकवलाही नव्हता, की चिंगी घरभर पसरते. म्हणजे एका जागी नसते, सगळीकडे थोडी थोडी असते. फ्रिजमागे असण्याची शक्यता आहे, कपाटावर आहे, बॅगांच्या मागे आहे, आणि आम्ही तिघं टॉर्च घेऊन पोटावर सरपटतोय. पाऊण तासाने अपॉइंटमेंट गेली. मग ती हॉलमधल्या स्टुलावर सापडली. त्या स्टुलावर मी चार वेळा बघितलं होतं, शपथ! बायको म्हणते तू नीट बघितलं नसशील. नील्स बोर आणि आइन्स्टाईन क्वांटमवरून वर्षानुवर्षं भांडले, हे वाक्य बोरने ऐकवलं असतं तर वाद तिथेच मिटला असता.

भाचीने मात्र कागद ओढला. हायझेनबर्गचा अनिश्चिततेचा नियम १९२७ चा, जागा जितकी पक्की तितका वेग कच्चा, आणि हे बघणाऱ्याच्या गलथानपणामुळे नव्हे, निसर्गच तसा आहे. पण चार किलोची चिंगी कुठे आहे हे एका मिलिमीटरपर्यंत पक्कं माहीत असेल तर तिच्या वेगात किती अनिश्चितता उरते? तिने हिशोब केला. इतकी की चिंगी विश्वाच्या जन्मापासून, म्हणजे १३.८ अब्ज वर्षं, त्या वेगाने सरकत राहिली असती तर आजपर्यंत तीनचार प्रोटॉन शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी रुंदी होईल तेवढं अंतर गेली असती. कागद माझ्यापुढे ठेवून ती विजयी मुद्रेने बघायला लागली. मी म्हटलं अगं हे तर बरोब्बर जुळतंय, ती माझ्या मांडीवर झोपते आणि मला उठायचं असतं तेव्हा एवढीच सरकते.

आता दार. मला वाटतं मांजर पाळलेल्या प्रत्येक माणसाने दारावर एक वेगळी पोस्ट लिहायला पाहिजे. बेडरूमचं दार बंद असेल तर चिंगी ज्या बाजूला असेल त्याच्या दुसऱ्या बाजूला तिला काम असतं. उघडलं तर उंबऱ्यावर बसते, पुढचे दोन पाय बाहेर आणि मागचे दोन आत, आणि शेपूट दार जिथे लागतं बरोबर तिथे. ही अवस्था कितीही वेळ टिकू शकते, इथे डिकोहिरन्स वगैरे काही होत नाही, मी प्रयोगाने सिद्ध केलंय, हातात गरम पातेलं घेऊन.

बंद दारातून पलीकडे जाणं ही खरीखुरी क्वांटम गोष्ट आहे, तिला टनेलिंग म्हणतात. युरेनियमच्या अणूच्या केंद्रात अल्फा कण कोंडलेला असतो, भिंत इतकी उंच की उडी मारून पार होणं शक्यच नाही, तरी कधीतरी तो पलीकडे सापडतो. १९२८ मध्ये जॉर्ज गॅमॉवने आणि त्याच सुमारास गर्नी आणि काँडन या जोडीने याचं गणित मांडलं. आतला कण भिंतीवर धडका मारत असतो, एका सेकंदात एकावर एकवीस शून्यं एवढ्या वेळा, आणि प्रत्येक धडकेला बाहेर पडायची शक्यता जवळजवळ नाहीच, पण अगदी शून्य नाही. त्यामुळे युरेनियम २३८ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ, साडेचार अब्ज वर्षं, म्हणजे साधारण पृथ्वीचं वय. चिंगीची पद्धत तंतोतंत तीच. खरखर, थांबणं, खरखर, थांबणं, मग दाराखालच्या फटीतून एक पंजा, तळवा वर, काही मिळालं तर बघू अशा हिशोबाने चाचपडत. फरक इतकाच की अल्फा कणाला आतून उठून, शिव्या घालत, एक चप्पल पायात आणि एक सापडत नाहीये अशा स्थितीत येऊन दार उघडून देणारा कुणी नसतो. म्हणून त्याला साडेचार अब्ज वर्षं लागतात. चिंगीचं अर्धायुष्य बारा मिनिटं.

आता खंड्याकडे वळू, नाहीतर त्याला वाईट वाटेल. खंड्या कुत्रा आहे, रंग तपकिरी, जात विचारू नका, त्याच्यात बऱ्याच जाती एकाच वेळी आहेत. खंड्याचं फिजिक्स चिंगीपेक्षा साधं. त्याला "थांब" शिकवलंय. जमिनीवर बिस्कीट ठेवायचं, "थांब" म्हणायचं, आणि तो थांबतो. जोवर मी बघतोय तोवर थांबतो. बिस्कीट नाकापासून वीतभर अंतरावर, तोंडातून लाळेची तार निघून हळूहळू खाली उतरतेय, कान मागे, भुवया आळीपाळीने वर, सगळं शरीर बिस्किटाकडे झुकलेलं पण पंजे जागच्या जागी. आणि मी पापणी मिटली. नुसती मिटली हो, धूळ गेली डोळ्यात. उघडली तर बिस्कीट नाही, खंड्या त्याच जागी, त्याच पोझमध्ये, लाळेची तार मात्र तुटलेली.

भाची पहिल्यांदाच म्हणाली की मामा हे जवळपास बरोबर आहे. एखाद्या अस्थिर गोष्टीकडे पुन्हा पुन्हा बघत राहिलं तर ती बदलूच शकत नाही, याला क्वांटम झेनो इफेक्ट म्हणतात, बैद्यनाथ मिश्रा आणि जॉर्ज सुदर्शन या दोन भारतीयांनी १९७७ मध्ये ते नाव दिलं, आणि १९९० मध्ये बेरिलियमच्या आयनांवर तसा प्रयोगही झाला. जितक्या जास्त वेळा डोकावून बघितलं तितके कमी आयन बदलले. मला एकदम लहानपण आठवलं, आईची नजर पाठीवर असेपर्यंत अभ्यास व्हायचा तो.

खंड्याची दुसरी गोष्ट म्हणजे झोपायच्या आधी स्वतःभोवती फिरणं. इलेक्ट्रॉनसारख्या कणांचं असं असतं म्हणे की एक पूर्ण गिरकी घेतली तरी ते मूळ अवस्थेत येत नाहीत, त्यांच्या अवस्थेचं गणितातलं चिन्ह उलटं होतं, दोन गिरक्या घेतल्या की मगच सगळं जागेवर. न्यूट्रॉनवर १९७५ मध्ये हे प्रत्यक्ष दाखवलं गेलंय. मी आठवडाभर खंड्याच्या गिरक्या मोजल्या, दोन, तीन, दोन, साडेतीन. साडेतीन म्हटल्यावर भाचीने हात जोडले आणि खोलीत निघून गेली. पण त्या साडेतीनच्या दिवशी त्याचं तोंड भिंतीकडे आलं आणि तो तसाच झोपला, चूक मान्य करणं त्याच्या स्वभावात नाही.

मोज्यांबद्दल फार लिहीत नाही कारण अजून राग गेलेला नाही. जॉन बेल, ज्याने १९६४ मध्ये गुंफलेल्या कणांबद्दल ते प्रसिद्ध प्रमेय मांडलं, त्याने पुढे १९८१ मध्ये आपल्या बर्टलमान नावाच्या सहकाऱ्याच्या मोज्यांचं उदाहरण दिलं. हा बर्टलमान म्हणे नेहमी दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालायचा, त्यामुळे एका पायात गुलाबी दिसला की दुसऱ्या पायात गुलाबी नाही हे न बघताच कळायचं. बेलचा मुद्दा असा की यात जादू काहीच नाही, मोजे सकाळीच ठरलेले असतात. गुंफलेले कण, म्हणजे दूर असूनही ज्यांचे निकाल एकमेकांशी जुळतात ते, मात्र तसे नसतात, त्यांचं आधीच ठरलेलं होतं असं धरून चाललं तर प्रयोगातले आकडे जुळत नाहीत, आणि हे दाखवणाऱ्या प्रयोगांसाठी आस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं. आमच्याकडे तिसरा प्रकार आहे. एक मोजा माझ्या पायात असतो. दुसरा कुठल्या रंगाचा आहे हे मला पक्कं माहीत असतं. फक्त तो आता मोजा उरलाय का, हे खंड्याच्या पलंगाखाली बघितल्यावरच ठरतं.

सोफ्याचं शास्त्र जास्त महत्त्वाचं आहे. जगातले सगळे कण दोन जातींचे, फर्मिऑन आणि बोसॉन. फर्मिऑनांना पाउलीचा १९२५ चा नियम लागू, एका अवस्थेत एकच, दुसऱ्याला तिथे जागा नाही. बोसॉन म्हणजे सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावाचे, त्यांचा स्वभाव उलटा, जिथे चार बसलेत तिथेच पाचव्याला बसायचं असतं. आता सांगा बघू. चिंगी सोफ्याच्या एका कोपऱ्यात असली की त्या कोपऱ्यात दुसरा कुणी असू शकत नाही, मी टेकायला गेलो तर निसर्गाचाच नियम मला परत ढकलतो, नखांसकट. आणि खंड्याला अख्खा सोफा रिकामा असला तरी मी आहे तिथेच बसायचंय, माझ्या शेजारी नव्हे, मी आहे तिथे.

पण थंडी पडली की हे सगळं मोडतं. रात्री कधीतरी जाग येते तर चिंगी आणि खंड्या एकाच गोधडीत, एकमेकांच्या अंगात डोकं खुपसून, कुणाचा पाय कुठला कळत नाही, आणि मी पलंगाच्या कडेवर एका कुल्ल्यावर. रुबिडियमचे अणू असेच, १९९५ मध्ये कॉर्नेल आणि वायमन यांनी निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे ज्याहून थंड काही असूच शकत नाही त्या तापमानाच्या, अगदी लगत, एका अंशाच्या कोट्यवधीव्या भागात नेले तेव्हा हजारो अणू एकच असल्यासारखे वागायला लागले. मी म्हटलं बघ, कंडेन्सेट, सगळे एकाच अवस्थेत गोळा. भाची म्हणाली नाही मामा, चिंगी फर्मिऑन आहे असं तूच म्हणालास, मग हे हीलियम ३ सारखं झालं, म्हणजे हीलियमचा एक हलका प्रकार. हीलियम ३ चे अणू फर्मिऑन, एकमेकांना जागा न देणारे, पण निरपेक्ष शून्याच्या वर अडीच हजारांश अंशाच्या आसपास आणले की जोड्या लावतात आणि मग बोसॉनसारखे सुळकन वाहायला लागतात. १९७२ मध्ये सापडलं हे.

आणि हीलियम ३ चं नाव निघाल्यावर तिने मला जे सांगितलं त्यासाठीच खरं तर मी ही पोस्ट लिहायला बसलो, बाकी सगळं ओघात आलं.

हीलियम ३ वर एका मांजराचा शोधनिबंध आहे. थट्टा नाही. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतले जॅक हेदरिंग्टन यांनी १९७५ मध्ये घन हीलियम ३ मधल्या अणूंच्या अदलाबदलीवर एक निबंध लिहिला, फिजिकल रिव्ह्यू लेटर्सला पाठवायचा होता, म्हणजे या क्षेत्रातलं अगदी मानाचं पान. एका सहकाऱ्याने वाचून सांगितलं की निबंध चांगलाय पण तू सगळीकडे "आम्ही" लिहिलंयस आणि लेखक तर तू एकटाच, हे ते परत पाठवतील. तेव्हा सगळं टाइपरायटरवर, म्हणजे प्रत्येक "आम्ही" चा "मी" करायचा तर निबंध पहिल्यापासून टाइप करायचा. हेदरिंग्टननी एक संध्याकाळ विचार केला आणि सोपा मार्ग काढला, सहलेखक घेतला. त्यांच्याकडे चेस्टर नावाचा सयामी बोका होता. चेस्टरच्या बापाचं नाव विलार्ड. मांजराचं एक जुनं शास्त्रीय नाव फेलिस डोमेस्टिकस. झालं, एफ. डी. सी. विलार्ड. निबंध त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये छापून आला. पुढे हेदरिंग्टननी मित्रांना ज्या प्रती पाठवल्या त्यातल्या काहींवर दोन्ही लेखकांच्या सह्या होत्या, दुसरी सही म्हणजे शाईत बुडवलेला पंजा. आणि याच्यावर कडी म्हणजे १९८० मध्ये विलार्डच्या एकट्याच्या नावावर फ्रेंचमध्ये हीलियम ३ वरच अजून एक लेख आला.

मी हे चिंगीला वाचून दाखवलं. तिने ऐकलं, आणि उठून भाचीच्या थिसिसच्या प्रिंटआउटवर जाऊन बसली. भाची सध्या प्रत्येक पानावर "आम्ही" लिहितेय. मी काही बोललो नाही.

खंड्याचंही एका ठिकाणी योगदान आहे, म्हणजे त्याच्या जातभाईंचं. २०१३ मध्ये एका संशोधक गटाने सत्तर कुत्रे घेऊन ते शी करताना कुठल्या दिशेला तोंड करतात याच्या १८९३ नोंदी केल्या, आणि निष्कर्ष असा की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्र्यांना उत्तर-दक्षिण बसायला आवडतं. याला पुढच्या वर्षी इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. आता यात क्वांटम कुठे, तर पक्ष्यांचं चुंबकीय ज्ञान डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रथिनातल्या इलेक्ट्रॉनच्या जोडीवर चालत असावं अशी मांडणी आहे, आणि ती जोडी पक्की क्वांटम. मग मी तीन दिवस सकाळी खंड्यामागे मोबाइलमधला कंपास उघडून वाकून चाललो. पहिल्या दिवशी वायव्य. दुसऱ्या दिवशी पूर्व, पण तिथे दुसरा कुत्रा होता. तिसऱ्या दिवशी तो बसलाच नाही, माझ्याकडे बघत उभा राहिला, मी त्याच्याकडे बघत, हातात फोन, आणि समोरून येणाऱ्या बाईंनी रस्ता बदलला. झेनो इफेक्ट कुत्र्याच्या या टोकालाही लागू आहे हे नोंदवून ठेवतो.

एवढं सगळं झाल्यावर भाचीने निकाल दिला की मामा, तुझ्या घरात क्वांटम मेकॅनिक्स उघड उघड वापरणारा एकच प्राणी आहे आणि तो तू पाळलेला नाहीस. आणि वर बोट दाखवलं. ट्यूबलाइटच्या शेजारी, भिंतीवर, पाल. इतके दिवस माझ्या मनात जी शंकेची पाल चुकचुकत होती ती ही अशी प्रत्यक्षच निघाली.

पालीच्या पायाला गोंद नसतो, शोषून धरणारं काही नसतं. बोटांच्या तळव्यावर बारीक केसांची गर्दी असते, लाखांनी, प्रत्येक केसाचं टोक फुटून पुन्हा शेकडो टोकं झालेली, एकेक टोक मिलिमीटरच्या काही हजारांश भागापेक्षाही लहान. ही टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात की भिंतीतले आणि पायातले इलेक्ट्रॉन एकमेकांच्या चालीने डुलायला लागतात आणि एक बारीकशी ओढ तयार होते. ही ओढ का असते ते फ्रिट्झ लंडनने १९३० मध्ये क्वांटम गणिताने सांगितलं, आणि पाल तिच्याच जोरावर चिकटते हे २००२ मध्ये टोके जातीच्या पालीवर तपासून दाखवलं गेलं. एका टोकाची ओढ नगण्य, लाखांची मिळून अख्खी पाल छताला उलटी. आणि सोडायचं तर बोट कडेने उचलून सोलायचं, टेप काढतो तसं. हे सगळं ती धावता धावता करते, आणि आम्ही झाडू घेऊन तिच्यामागे.

आम्ही तिघं माना वर करून हे बघत होतो तर चिंगी कपाटावर चढली. मागचे पाय आवळले, ढुंगण दोनदा डावीउजवीकडे हललं, आणि उडी. पाल निसटली. शेपूट नाही निसटली. ती खाली फरशीवर पडून वळवळायला लागली, जोरात, मुळच्या पालीपेक्षा जास्त जिवंत, आणि पाल वर घड्याळामागे, एकदम स्तब्ध. एकाच वेळी दोन ठिकाणी.

चिंगीने खाली बघितलं. मग वर. मग खाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला काय बघावं ते कळत नव्हतं, मिशा पुढे आलेल्या, एक पंजा हवेत तसाच राहिलेला. भाची कुजबुजली, "मामा, हलू नकोस." कुणीच हललं नाही. घड्याळाचा सेकंदकाटा तेवढा चालू.

मग सोफ्यावरून खंड्या उतरला, शांतपणे चालत आला आणि त्याने शेपूट खाल्ली.